आधी हाळी, मग भरारी

जुलै-ऑगस्टमध्ये लातूरकडे सोयाबीन गुडघ्याला लागते, नांदेडकडे कापूस वर येतो आणि शिवारात फवारणीची घाई सुरू होते. अलीकडे या घाईत एक नवा आवाज मिसळला आहे. मोहोळ उठल्यासारखा घोंघाट येतो आणि पिकावरून ड्रोन सरकत जातो. आवाज ऐकून शाळेतून परतणारी पोरे दप्तरासह बांधावर धावतात. खुरपणीच्या बाया मान वर करून पाहतात. एखादा जण मोबाइल काढून चित्रण करायला अगदी जवळ जातो. ड्रोन चालवणाऱ्याचे डोळे मात्र आकाशात किंवा हातातल्या पडद्यावर असतात. त्याला या माणसांची खबर नसते आणि पुढच्या क्षणी यंत्र कुठे वळणार याची खबर या माणसांना नसते. अपघाताला एवढी बेखबरी पुरते.

उडणारी यंत्रे आता फक्त शेतात नाहीत. लग्नाच्या मांडवावर चित्रणाचा ड्रोन फिरतो. कॉलेजच्या मैदानावर मुले थर्माकोल आणि सनबोर्डची विमाने रिमोटवर उडवतात. आकार वेगळे असले तरी धोका सारखाच आहे. भिंगरीसारखी फिरणारी पाती, पेट घेऊ शकणारी बॅटरी आणि चालवणाऱ्याच्या ताब्यातून कधीही सुटू शकणारे वजन या तीन गोष्टी सगळीकडे असतात. फवारणीच्या ड्रोनमध्ये चौथी गोष्ट असते, ती म्हणजे विष.

यावरचा पहिला उपाय फुकटचा आहे. रिमोटची विमाने उडवणाऱ्या हौशी मंडळींनी तो अनेक दशकांपूर्वी आपल्या मैदानांवर रुजवला. यंत्र उचलण्याआधी आसपासच्या माणसांना मोठ्याने सांगायचे, हाच तो उपाय. आपल्याकडच्या शब्दात सांगायचे तर हाळी द्यायची.

फळीवरचा चिमटा

रिमोटवरच्या विमानांच्या मैदानावर पूर्वी एक लाकडी फळी असे. तिच्यावर प्रत्येक रेडिओ चॅनेलसाठी एकच चिमटा लावलेला असे. अमेरिकेत ही विमाने मुख्यतः ७२ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालत, तर युरोपात ३५ मेगाहर्ट्‌झच्या. एकाच चॅनेलवर दोन रिमोट सुरू झाले, की हवेतल्या विमानाला कोणाचे ऐकावे ते कळत नसे आणि ते कोसळे. म्हणून ज्याच्या हाती चिमटा त्यानेच रिमोट सुरू करायचा आणि उड्डाण संपले की चिमटा परत फळीवर लावायचा, असा दंडक होता. चिमटा न घेता बटण दाबणे हा त्या मैदानावरचा सगळ्यात मोठा उद्धटपणा होता आणि सगळ्यात मोठा धोकाही तोच होता.

आजचे रिमोट बहुतेक २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात आणि एकमेकांच्या वाटेतून आपोआप बाजूला होतात. त्यामुळे फळी गेली. त्या मैदानांवरच्या हाका मात्र टिकल्या आहेत. विमान सोडण्याआधी ‘उडवतोय’ अशी हाक द्यायची. उतरवण्याआधी ‘उतरवतोय’ म्हणायचे. पडलेले विमान उचलायला धावपट्टीवर जायचे असेल तर ‘मैदानात माणूस आहे’ असे ओरडून सांगायचे. इंजिन हवेतच बंद पडले तर तेही सांगायचे, म्हणजे इतर जण वाट मोकळी करतात. कोणाला आधी उतरू द्यायचे याचाही क्रम ठरलेला असतो. आधी इंजिन बंद पडलेले विमान, मग उतरणारे आणि शेवटी उडणारे. माणसे बसलेले खरे विमान किंवा हेलिकॉप्टर दिसले तर सगळ्यांनी खाली यायचे.

चालवणारे एका रेषेत उभे राहतात आणि विमाने कायम त्यांच्या समोरच्या बाजूला उडतात. रेषेच्या मागे प्रेक्षक, मुले आणि वाहने असतात. त्या बाजूला विमान नेणाऱ्याला त्या दिवशी पुन्हा उडवू देत नाहीत, मग तो कितीही जुना सदस्य असो. विमान हवेत असताना चालवणाऱ्याशी गप्पा मारायच्या नाहीत. नवशिक्याच्या शेजारी जाणता माणूस उभा राहतो. आधी रिमोट सुरू करायचा आणि मग विमान. बंद करताना आधी विमान आणि मग रिमोट. हा क्रम चुकला तर यंत्र कोणाच्याही ताब्यात नसताना मोटर फिरू शकते.

या नियमांपैकी बरेचसे वरवर पाहता नुसत्या रीतभाताचे वाटतात. प्रत्येकामागे मात्र कोणाचा तरी तुटलेला हात किंवा फुटलेले विमान आहे.

पाते किती वेगाने फिरते

लांबून पाहिले तर पंख्याची पाती धुरकट चकतीसारखी दिसतात, म्हणून ती निरुपद्रवी वाटतात. साधा हिशेब करून पाहावा. ३० इंच लांबीचा पंखा मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ४३० किलोमीटर होतो. १० इंचांचा छोटा पंखा मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल, तर हाच वेग ताशी ४८० किलोमीटरच्या जवळ जातो. बोट आत गेल्याचे मेंदूला कळून हात मागे येईपर्यंत पाते कितीतरी वेळा फिरून गेलेले असते. म्हणून ही जखम बहुधा एकाच चिरेवर थांबत नाही. शेजारी शेजारी अनेक चिरा पडतात, बोटांच्या शिरा आणि नसा तुटतात, हाडाचे तुकडे होतात. टाके घालून त्वचा जुळते. मूठ वळायला मात्र अनेक महिने लागतात आणि काहींची मूठ पुन्हा पूर्ण वळत नाही.

मे २०१५ मध्ये मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात गायक एन्रिके इग्लेसियास याने कार्यक्रम चालू असताना चित्रणाचा ड्रोन हाताने पकडायला पाहिले आणि त्याच्या बोटांवर शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ओळखीच्याच माणसाने उडवलेला ड्रोन उतरताना झाडाला अडकून गरकन फिरला आणि पात्याने दोन वर्षांपेक्षाही लहान मुलाचा एक डोळा गेला. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका बागेत १९ वर्षांचा तरुण स्वतःच उडवत असलेले रिमोटचे हेलिकॉप्टर डोक्याला लागून जागीच गेला. हा तरुण नवशिका नव्हता आणि इंग्लंडमधला चालवणाराही नव्हता. हात सरावलेला असला की अंतर कमी होते आणि सवयीने काळजी सुटते.

दुसरा भाग वजनाचा. दोन किलोचे हौशी विमान ताशी ८० किलोमीटर वेगाने आले, तर त्याच्यात ताशी १४० किलोमीटर वेगाने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूच्या चौपट ऊर्जा असते. फवारणीचा ड्रोन टाकी भरल्यावर २५ किलोच्या आसपास जातो, म्हणजे सिमेंटचे अर्धे पोते. तो फक्त पाच मीटरवरून पडला तरी जमिनीला टेकताना ताशी ३६ किलोमीटरचा वेग घेतो. अर्धे पोते त्या वेगाने डोक्यावर आले तर काय होईल हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. पाती पूर्ण थांबून बॅटरी काढेपर्यंत यंत्राला कोणीही हात लावू नये. फिरत्या पंख्याच्या पातळीत, म्हणजे त्याच्या बाजूला, उभे राहू नये, कारण तडकलेला तुकडा त्याच दिशेने सुटतो. आणि हवेतले यंत्र हाताने कधीही पकडू नये.

शिवार म्हणजे मैदान नव्हे

हौशी विमानांचे मैदान मोकळे असते, त्याला रेषा असते, प्रेक्षक मागे असतात. मराठवाड्यातल्या शिवारात यातले काहीच नसते. एका बाजूला आखाड्यावर माणसे राहतात, गोठ्यात जनावरे असतात, बांधावर बाभळी असतात, शेतावरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. अनेक विहिरींना कठडा नसतो. ड्रोन चालवणारा आकाशाकडे पाहत एकेक पाऊल मागे टाकत असेल, तर त्याच्या मागे काय आहे हे त्याला दिसत नाही. विहीर, उसाचे खोडवे, ठिबकची नळी, पावसाळ्यात साप, यांपैकी काहीही असू शकते.

यावर उपाय म्हणजे दुसरा माणूस. फवारणीला नेहमी दोघांनी जावे. एकाने यंत्र पाहावे आणि दुसऱ्याने माणसे पाहावीत. या दुसऱ्याच्या हातात मोबाइल नसावा. शेताच्या चारी बाजू त्याने आधी पायी फिरून याव्यात, तारा आणि विहिरी चालवणाऱ्याला दाखवाव्यात, कोण कुठे काम करतो आहे ते पाहावे. उड्डाण चालू असताना बांधावर कोणी आले, की त्याने ओरडून सांगावे आणि चालवणाऱ्याने काही न विचारता यंत्र थांबवावे.

ड्रोन तारेत अडकला तर तो तिथेच राहू द्यावा. काठीने, बांबूने किंवा दोरीने ओढायला गेलेल्या माणसाला विजेचा धक्का बसू शकतो. ओल्या बांबूतून वीज सहज उतरते. महावितरणला कळवावे, पुरवठा बंद झाल्याची खात्री करावी आणि मगच हात लावावा. यंत्र लाखाचे असले तरी त्याचा विमा काढता येतो.

रेडिओचा संपर्क तुटला तर बरेच ड्रोन ठरवलेल्या उंचीवर जाऊन उडालेल्या जागी परत येतात. ही उंची शेतातल्या सर्वांत उंच झाडापेक्षा आणि तारेपेक्षा जास्त आहे का, हे प्रत्येक नव्या शेतात तपासावे लागते. काल सपाट रानात ठेवलेली उंची आज आमराईजवळ अपुरी पडते. आणि ड्रोन परत येतो तो उडालेल्या जागी, म्हणून ती जागा शेवटपर्यंत मोकळी ठेवावी. नेमके तिथेच पाण्याचे ड्रम, मोटारसायकली आणि बघ्यांची गर्दी असते.

ज्याला ‘औषध’ म्हणतात

शेतकरी कीटकनाशकाला औषध म्हणतात. शरीराच्या दृष्टीने ते विषच आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पैनगंगेच्या अलीकडे नांदेडचे माहूर आणि किनवट हे तालुके त्याच जिल्ह्याला लागून आहेत. पीकही तेच आहे आणि फवारणीची पद्धतही तीच आहे.

पाठीवरच्या पंपाने फवारणारा माणूस त्या फवाऱ्यातूनच चालत असतो. ड्रोनमुळे तो फवाऱ्याबाहेर येतो, हा मोठा फायदा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. धोका मात्र संपत नाही, त्याची जागा बदलते. पाठीवरच्या पंपाने एकराला साधारण १५० ते २०० लिटर पाणी लागते. ड्रोनला १० लिटरच्या आसपास पुरते. एकरामागे कीटकनाशकाची मात्रा मात्र तेवढीच असते. म्हणजे ड्रोनच्या टाकीतले द्रावण १५ ते २० पट तीव्र असते. ते बादलीत ढवळणारा, टाकीत ओतणारा आणि सांडलेले पुसणारा माणूस सर्वांत जास्त जोखीम घेतो. बहुतेकदा तो सालगडी असतो किंवा घरातला पोरगा. त्याच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट असतो आणि हात उघडे असतात. हातमोजे, चष्मा, मास्क, पूर्ण बाह्या आणि बूट यांची गरज सगळ्यात आधी त्याला असते. रिमोट धरणाऱ्याचा नंबर त्याच्यानंतर लागतो.

दुसरी जागा म्हणजे शेजारचे रान. बारीक थेंब वाऱ्यावर बरेच लांब जातात. शेजारच्या रानात तुतीची बाग असेल तर त्या पाल्यावर पडलेले कीटकनाशक रेशीम अळ्यांची अख्खी बॅच मारू शकते. मराठवाड्यातल्या अनेक कुटुंबांचे महिन्याचे उत्पन्न आज रेशीम कोषांवर आहे. सूर्यफूल, करडई किंवा तूर फुलोऱ्यात असेल तर मधमाश्या मरतात. तणनाशकातले २,४-डी कापसाला अगदी थोडे लागले तरी पाने आकसतात. बाजूला ठेवलेला कडबा, उघडी विहीर, जनावरांचा हौद, शेतातल्या सावलीत ठेवलेले भाकरीचे गाठोडे, या सगळ्यांवर थेंब पडतात. यांतल्या कशाचाही मालक आधी कळले तर दहा मिनिटांत झाकू शकतो, हलवू शकतो किंवा दुसरा दिवस धरायला सांगू शकतो.

हे आधी कळवणे नुसत्या चांगुलपणाचे काम नाही. कीटकनाशके नियम, १९७१ मध्ये हवाई फवारणीसाठी तशी तरतूद आहे. फवारणीची सूचना सक्षम अधिकाऱ्यांमार्फत लोकांना किमान २४ तास आधी द्यायची, क्षेत्राची खूण करायची, संबंध नसलेल्या माणसांना आणि जनावरांना ठरावीक काळ आत येऊ द्यायचे नाही, धुण्याची आणि प्रथमोपचाराची सोय फवारणाऱ्याने ठेवायची, असे ते नियम सांगतात. चालवणाऱ्याच्या प्रशिक्षणात कीटकनाशकांचे शरीरावर काय परिणाम होतात हेही शिकवायचे, असेही त्यांत आहे. हे नियम विमानातून फवारणी होत होती त्या काळातले आहेत. ड्रोनच्या काळात ते जास्तच लागू पडतात, कारण विमान वर्षातून एकदा यायचे आणि ड्रोन रोज येतो.

कायद्याचे नकाशे

ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग केलेले आहेत. हिरव्या भागात १२० मीटर म्हणजे सुमारे ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येते. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर म्हणजे २०० फूट आहे. त्याहून वर किंवा जवळ जायचे असेल तर आधी परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. नांदेडला शहरालगतच विमानतळ आहे आणि लातूरलाही धावपट्टी आहे. शेत कोणत्या रंगात पडते हे ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशात पाहूनच ठरवावे. ‘आपल्याकडे कुठे विमाने येतात’ या अंदाजावर जाऊ नये. रुग्णाला नेणारे हेलिकॉप्टर वेळापत्रक पाहून येत नाही.

वजनाप्रमाणे नियम बदलतात. २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो आणि २ ते २५ किलो हे स्मॉल. फवारणीचे बहुतेक ड्रोन या तिसऱ्या गटात येतात. त्यांना नोंदणी क्रमांक, इतरांच्या नुकसानीचा विमा आणि चालवणाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५ आणि शिक्षण किमान दहावी हवे. अपघात झाला तर ४८ तासांत कळवावे लागते. शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांना ‘टाइप सर्टिफिकेट’मधून सूट आहे. लाल-पिवळ्या भागांच्या बंधनातून मात्र त्यांनाही सूट नाही.

‘नमो ड्रोन दीदी’ योजनेला केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. देशभरातल्या १५ हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे आणि किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये, मदत करायची असे त्यात ठरले. प्रशिक्षित महिला चालक शिवारात येणे ही चांगली गोष्ट आहे. तिने ‘वारा वाढलाय, आज फवारणी होणार नाही’ म्हटले तर गावानेही तिचे ऐकले पाहिजे. घाई शेतमालकाला असते, जबाबदारी तिच्यावर असते.

बॅटरी

या यंत्रांतल्या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या हलक्या आणि जोरदार असतात. त्या फुगल्या, आपटल्या, टोचल्या गेल्या किंवा प्रमाणाबाहेर चार्ज झाल्या तर आतून तापत जातात आणि एकदा पेटल्या की स्वतःच स्वतःला पेटवत राहतात. धूर विषारी असतो. म्हणून चार्जिंग माणूस हजर असताना, उघड्यावर, फरशीवर किंवा वाळूवर करावे. झोपण्याच्या खोलीत, कडब्याजवळ किंवा रात्रभर करू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर जातो आणि बंद गाडीच्या आत त्याहूनही जास्त तापते, तिथे बॅटरी ठेवू नये. पडलेल्या ड्रोनची बॅटरी बाहेरून चांगली दिसली तरी काही वेळ माणसांपासून लांब, मोकळ्या जागी ठेवून पाहावी.

इजा झालीच तर

पात्याने कापले तर स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब द्यावा आणि हात वर धरावा. हळद, चहापत्ती, माती, चुना यांपैकी काहीही लावू नये. बोट तुटून वेगळे झाले तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फात टाकले तर पेशी मरतात. तुटलेले बोट जोडण्याची शस्त्रक्रिया सगळीकडे होत नाही, म्हणून १०८ वर फोन करतानाच ‘बोट तुटले आहे’ असे सांगावे, म्हणजे कुठे न्यायचे ते ठरवता येते. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नये.

डोळ्याला पाते किंवा तुकडा लागला तर डोळा चोळू नये, धुऊ नये, आत रुतलेले काही ओढू नये. कागदी पेल्यासारखे काहीतरी वर ठेवून, डोळ्यावर दाब न देता, ताबडतोब नेत्ररोगतज्ज्ञाकडे न्यावे. डोळ्यात कीटकनाशक उडाले असेल तर मात्र लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे डोळा धुवावा आणि मग निघावे. म्हणून फवारणीच्या जागी साध्या पाण्याचा एक वेगळा ड्रम हवाच.

भाजले तर २० मिनिटे साध्या थंड पाण्याची धार सोडावी. टूथपेस्ट किंवा शाई लावू नये.

विषबाधेची लक्षणे बहुतेकदा काही तासांत दिसतात. खूप घाम, तोंडाला पाणी सुटणे, मळमळ, डोळ्यांच्या बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या होणे, अंधुक दिसणे, स्नायू फडफडणे, छातीत घरघर आणि दम लागणे. फवारणीच्या दिवशी यांतले काहीही झाले तर ‘ऊन लागले असेल’ म्हणून झोपवून ठेवू नये. कपडे काढावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे आणि नेताना कीटकनाशकाचा डबा किंवा त्याचे लेबल सोबत घ्यावे. धुणाऱ्याने स्वतः हातमोजे घालावेत. उलटी करवू नये. दूध, तूप, मिठाचे पाणी पाजू नये. पाजलेले फुप्फुसात गेले तर जीव जातो. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या विषावर अॅट्रोपिन हे उतारा म्हणून वापरले जाते. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही मोठी ठिकाणे आहेत. पण रुग्णाचा श्वास अडकत असेल तर आधी सर्वांत जवळच्या सरकारी रुग्णालयात नेऊन उपचार सुरू करावेत.

हाळी कोणापर्यंत पोचते

फवारणीची सूचना आज बहुधा एका फोनवर संपते. चालवणारा शेतमालकाला फोन करतो, शेतमालक शेजारच्या शेतमालकाला करतो. दोघेही त्या दिवशी तालुक्याला असू शकतात. शेजारच्या रानात वाकून खुरपणाऱ्या बायांना, शेळ्या घेऊन फिरणाऱ्या पोराला, आखाड्यावर झोळीत निजलेल्या लेकराच्या आजीला तो फोन जात नाही. विष आणि पाते मात्र सातबारा पाहून येत नाही. त्या रानात जो उभा असेल त्याच्यावर ते पडते.

गावाने या हंगामात तीन गोष्टी ठरवायला हरकत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर गट क्रमांक, वेळ आणि कीटकनाशकाचे नाव सांगायचे. फवारणीच्या दिवशी दुसऱ्या माणसाने चारी बांध फिरून तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला तोंडी सांगायचे आणि यंत्र उचलण्याआधी ‘उडवतोय’ अशी मोठ्याने हाळी द्यायची. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. बांधावरून कोणीही हात वर केला की ड्रोन खाली घ्यायचा, मग तो हात मालकाचा असो की रोजंदारीवर आलेल्या बाईचा. कारण नंतर विचारता येते. आपण हात वर केला तर यंत्र खाली येईल, एवढी खात्री त्या बाईला असली पाहिजे. तिला ती खात्री नसेल, तर उरलेले सगळे नियम कागदावरच राहतील.